नदी उतरायच्या आत

“काका, झाली का हो?” मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

काका मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून नदीच्या पाण्यात वाकून उभे होते. समोर वहिनी. दोघांच्या मधे ओल्या फडक्याच्या झोळीत सोनपाठी माशाची हातभर लांबीची मादी. वहिनींनी तिचं डोकं धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांवर फडक्याचं टोक ओढलं होतं, कारण उजेड दिसला नाही की मासा शांत पडून राहतो. काकांचा उजवा अंगठा मादीच्या पोटावर, डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, माणसाची समाधी लागली आहे. समाधी कसली डोंबलाची! अंगठ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. अंगठ्याखाली मासा होता की लाकडाचा ओंडका, हे डोळे उघडल्याशिवाय त्यांना सांगता आलं नसतं.

“अजून थोडं,” काका म्हणाले. हे दोन शब्द ते एकतीस वर्षं म्हणत आले होते, त्यामुळे आवाज कापला नाही.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. पहाटे चारला दोन्ही माद्यांना सुई टोचली होती. नदीला पूर आला की माशाच्या डोक्यातली एक गाठ त्याच्या अंगाला निरोप धाडते, की अंडी सोडायची वेळ झाली. तोच निरोप सुईतून द्यायचा, की मग साधारण नऊ तासांनी अंडी पोटात मोकळी होतात. मोकळी झाली की पोटावरून हलक्या हातानं अंगठा फिरवायचा, अंडी आपोआप भांड्यात उतरतात. लवकर दाबलं तर मादी आतून फाटते. उशीर झाला तर अंडी पोटातच नासतात. या दोन्हींच्या मधे जेमतेम अर्ध्या तासाची फट असते, आणि ती फट ओळखायला जगात अजून यंत्र निघालेलं नाही. मॅडमच्या मत्स्यबीज केंद्रात त्यासाठी काकांचा अंगठा होता.

आणि अंगठाही असातसा नव्हे. दुसऱ्या केंद्रांतून गाडी यायची त्याला न्यायला. मोठाली पुस्तकं शिकून आलेले साहेब पाण्यात उतरून विचारायचे, “काका, कसं कळतं हो तुम्हाला?” काका म्हणायचे, “मला कुठं कळतंय साहेब, यालाच कळतं,” आणि अंगठा वर करून दाखवायचे. सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण आतून छाती चांगली वीतभर फुगलेली असायची.

सोनपाठी ही मासळीच मुळात नखरेल. तिला वाढतं पाणी हवं, ते गढूळ हवं, जरासं गार हवं, आणि काठचं गवत बुडलेलं हवं. चारातली एक गोष्ट कमी असली तरी ती पोट घेऊन आली तशी माघारी फिरणार आणि अंडी अंगातच जिरवून टाकणार. वरच्या अंगाला धरण झालं, तेव्हापासून नदीच्या चालीरीतीच बदलल्या होत्या. पुराच्या दिवसांत पाणी अडवलेलं, नको त्या दिवसांत सोडलेलं. चार वर्षं एकही सोनपाठी वर आली नव्हती. केंद्राच्या हौदातल्या जुन्या माद्या एकेक करून म्हातारपणानं गेल्या. यंदा धरणाचा एक दरवाजा दुरुस्तीला निघाला आणि चार दिवसांसाठी पाणी सोडलं. नदी आली, पण माहेरी आलेल्या लेकीसारखी, परतीची तारीख ठरवूनच. आज पाचला दरवाजे बंद होणार होते.

तीन दिवस जाळी लावून हाती लागले सात नर आणि दोन माद्या. “नर काय, गर्दी करायला कायम तयार,” असं केंद्राचा ड्रायव्हर म्हणाला होता, आणि वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की तो जीपच्या काचा पुसायला निघून गेला. अंड्यावर आलेला रानातला मासा जीपचे धक्के सोसत नाही, म्हणून सगळा संसार काठावरच मांडला होता. पाण्यात चार काठ्या रोवून त्यांना बांधलेली जाळीची पेटी, तिला हापा म्हणतात, तसे दोन हापे. काठावर भांडी, पिसं, फडकी. वाहतं पाणी असेतो माद्या तयार होणार. नदी उतरली, धार थांबली, की सुई टोचलेली मादी अडकून पडणार आणि मरणार. मॅडमनी कालच सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की या दोघींकडून अंडी मिळाली तर ही जात केंद्रात टिकली. नाही मिळाली तर विषय संपला. पुढच्या वर्षी नदी येईल याचा भरवसा कोणी द्यायचा?

काकांची बोटं हिवाळ्यात बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग शेंड्यांना काही कळेनासं झालं, आणि मग दोन्ही हात मनगटाखाली जणू दुसऱ्याचे. डॉक्टर म्हणाला, मनगटात नस दबली आहे, फार उशिरा आलात. त्या दिवसापासून शर्टाची बटणं काकू लावत होत्या. केंद्रात मात्र कोणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची! हौदातल्या साध्या माशांवर काकांनी निभावून नेलं होतं. तिथं थर्मामीटर टांगलेलं, तास मोजायचे, पोटाचा रंग बघायचा, आणि अंगठा आपला शोभेला टेकवायचा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तेवढं कसंबसं ढकलायचं.

“अहो, आज तरी सांगा मॅडमना,” पहाटे बटणं लावताना काकू म्हणाल्या होत्या.

“सांगतो.”

“मागच्या महिन्यातही सांगतोच म्हणाला होतात.”

“अगं, आज सांगून काय उपयोग? चार वर्षांनी मासा आलाय. आज सांगितलं तर ते करणार काय, रडणार?”

“आणि नाही सांगितलं तर?”

काका बूट शोधायला वळले. त्यांना भीती वाटत होती, हे खरं. मार खाण्याची किंवा नोकरी जाण्याची नव्हे. अंगठा गेला तर मग आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाच विचारला होता, आणि उत्तर आलं होतं, हौद धुणारा एक म्हातारा. पुन्हा विचारायची हिंमत झाली नव्हती.

एक वाजला.

काकांनी मादीचं पोट डोळ्यांनी नीट पाहिलं. फुगलेलं, शेपटीकडचं द्वार गुलाबी. नऊ तास भरले होते. आणखी काय हवं? त्यांनी मान डोलावली. “घ्या भांडं.”

मॅडमचा चेहरा उजळला. त्या बुटांसकट धावतच पाण्यात आल्या. वहिनींनी मादी उचलून धरली, मॅडमनी तिचं पोट कोरड्या फडक्यानं टिपलं, पांढरं भांडं खाली धरलं. काकांनी अंगठा आणि तर्जनी पोटाच्या दोन बाजूंना लावून मागे ओढली.

काहीच आलं नाही.

पुन्हा ओढली. थेंबभर पाणी आलं. तिसऱ्यांदा त्यांनी जरा जोर केला. निदान त्यांना तो जराच वाटला. भांड्यात एक गठ्ठा पडला, अंड्यांचा, एकमेकींना चिकटलेला. त्याच्यामागून लाल धार.

“भाऊजी, बस!” वहिनी ओरडल्या. “अहो, बस करा! किती दाबताय!”

काकांनी हात काढला. मादीच्या पोटावर त्यांच्या बोटांचे दोन पांढरे वळ उमटले होते. वहिनींनी तिला चटकन पाण्यात धरलं, तोंड धारेकडे करून पुढे-मागे हलवलं. मादीनं दोनदा कल्ले उघडले, तिसऱ्यांदा अर्धेच, आणि मग नाही.

मॅडम भांड्यातल्या लाल पाण्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी भांडं नदीत विसळलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

“असू दे, काका. रानातला मासा आहे, याला काही नियम नसतो. तुमच्या हातून असं झालं म्हणजे कोणाच्याही हातून झालंच असतं.”

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. या पोरीचा आपल्यावर एवढा विश्वास! काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. “दुसरीला अजून वेळ द्या,” ते म्हणाले आणि काठावर येऊन दगडावर टेकले.

ड्रायव्हरनं स्टोव्हवरचा चहा गाळून स्टीलच्या पेल्यांत ओतला. “घ्या, सावकाश. निखारा झालाय पेला,” म्हणत त्यानं रुमालात धरून एकेकाच्या समोर ठेवला. काकांनी आपला पेला उचलला, नेहमीसारखा, अख्ख्या मुठीत, आणि नदीकडे बघत बसले.

वहिनी समोर बसल्या होत्या. त्या काकांच्या मुठीकडे बघत होत्या. मग उठल्या, जवळ आल्या आणि त्यांच्या हातातून पेला काढून खाली ठेवला. काकांच्या तळव्यावर लाल चट्टा उठला होता.

“भाऊजी, हे कधीपासून?” हळूच विचारलं त्यांनी.

“काय कधीपासून?”

“माझ्याशी कशाला नाटक करता? एकोणीस वर्षं तुमच्यासमोर माशाचं डोकं धरून उभी आहे मी.”

वहिनी म्हणजे काकांच्या जोडीदाराची बायको. काका आणि तो, दोघे एकाच दिवशी केंद्रात लागले होते. तो गेल्यावर त्याच्या जागी वहिनींना घेतलं, हौद धुवायला. माशाचं डोकं धरायला कोणी नव्हतं म्हणून एकदा त्यांना हाक मारली, आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलं.

काकांनी तो तळवा दुसऱ्या हाताखाली दडवला.

“आणि पाणी?” वहिनी म्हणाल्या. “पहाटे मॅडमनी विचारलं, काका, पाणी कसंय. तुम्ही हात घातलात आणि म्हणालात, ठीक आहे, नेहमीसारखं. भाऊजी, फडकी पिळताना बोटं वाकडी झाली माझी! बर्फ आहे नुसता. मी म्हटलं, यांना ठाऊकच असणार, काहीतरी हिशेब असेल यांचा. म्हणून बोलले नाही. माझंच चुकलं.”

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. पहाटेचा प्रसंग जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. थर्मामीटर केंद्रातच राहिलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, जाऊन आणतो, वीस मिनिटांचं काम. आणि आपण ऐटीत म्हणालो, “हातच्या कांकणाला आरसा कशाला?” मग तोच हात पाण्यात घातला. काही कळलं नाही, आणि काही कळलं नाही म्हणजे नेहमीसारखं असणार, असं धरून चाललो. खऱ्या पुराचं पाणी जरासंच गार असतं. हे पाणी पुराचं नव्हतंच. धरणाच्या तळचं होतं, जिथं ऊन वर्षानुवर्षं पोचत नाही. नदी वाढलेली पाहून माद्या भुलून वर आल्या, पण एवढ्या गारठ्यात सुईचं काम मंद चालीनं होतं. नऊ तासांचे बारा होतात, कधी तेराही. हे काकांनीच पन्नास जणांना शिकवलं होतं.

“म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “ती वेळेवरच होती. मीच...”

“मॅडमना सांगा.”

“वहिनी, आता सांगून...”

“मी काही बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही. पण दुसरीचं डोकं मी धरायची नाही, एवढं सांगून ठेवते.” वहिनींनी पदर खोचला आणि फडकी धुवायला निघून गेल्या.

अडीच वाजता फोन वाजला. मॅडम बोलता बोलता उभ्या राहिल्या. “साडेतीन? अहो, पाच म्हणाला होतात तुम्ही! ...नाही, पण आमचं इथं... ऐका तरी...” त्यांनी फोन खिशात टाकला. धरणाचं काम लवकर आटपलं होतं. साडेतीनला दरवाजे बंद. इथं पाणी उतरायला लागणार ते चारच्या सुमारास.

“काका, चला,” मॅडम म्हणाल्या. “दुसरीला बघा. तुम्ही हो म्हणालात की लगेच घेऊ. वहिनी, डोकं धरा.”

वहिनी जागेवरून हलल्या नाहीत. मॅडमना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी स्वतःच झोळी धरली आणि मादीच्या डोळ्यांवर फडकं घेतलं. काका समोर उभे राहिले. अंगठा पोटावर ठेवला. अंगठा तिथं आहे, हे दिसत होतं.

हो म्हणावं की नाही? हो म्हटलं आणि ती कच्ची असली, तर मघासारखी फाटणार. नाही म्हटलं आणि झालेली असली, तर अंडी नासणार. नाणं उडवायचं काम. आणि चुकलं तरी आपल्याला कोण विचारणार होतं? रानातला मासा आहे, याला नियम नसतो, हे मॅडमनी आधीच बोलून ठेवलं होतं. वहिनी तोंड उघडणार नव्हत्या. मूठ झाकलेली ती झाकलेलीच राहणार होती. काकांच्या मनात हे सगळं आलं, अगदी स्पष्ट आलं, आणि स्वतःचीच किळस वाटली त्यांना. मादीचे कल्ले फडक्याखाली शांतपणे उघडत-मिटत होते.

“मॅडम, माझ्या हाताला कळत नाही.”

“म्हणजे? पोट कडक लागतंय?”

“नाही. काहीच लागत नाही. बोटं मेलीत माझी, हिवाळ्यापासून. पाणी गार आहे तेही मला कळलं नाही. पहिली कच्ची होती. ती मी मारली.”

मॅडम बघतच राहिल्या. आधी त्यांना अर्थ लागेना, मग लागला, आणि चेहरा पांढरा पडला.

“हिवाळ्यापासून? आणि तुम्ही आज, पहाटे, मला... काका, चार वर्षांनी दोन माद्या मिळाल्या होत्या! दोन! थर्मामीटर आणायला वीस मिनिटं लागली असती. तुम्ही नको म्हणालात म्हणून मी आणलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणून!” त्यांचा आवाज फाटला. “निदान मला सांगायचं तरी होतं. मी काय तुम्हाला हाकलून देणार होते?”

“चुकलं,” काका म्हणाले. दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमनी दोन क्षण डोळे मिटले. मग त्यांनी स्वतःचा अंगठा मादीच्या पोटावर ठेवला आणि लगेच उचलला. “मला कळत नाही. मी हौदातले मासे केलेत, ही जात हाताळलेली नाही. मऊ म्हणजे किती मऊ?”

“वहिनींना बोलवा,” काका म्हणाले.

वहिनी आल्या, पण काकांचं म्हणणं ऐकून दोन पावलं मागेच सरल्या. “काहीतरीच काय! मी हौद धुणारी बाई. मला नाही जमायचं. उद्या हीपण मेली म्हणजे?”

“तुम्ही काही ठरवायचं नाही. ठरवायचं मी. तुम्ही नुसतं सांगायचं, बोटाला काय लागतंय ते.”

“अहो, पण सांगू कसं? मासा तो मासा लागतो!”

“नाकाच्या शेंड्याला बोट लावा.”

“आता?”

“लावा म्हणतो ना. लागलं? दाबलं की आत कुर्र करून अडतं. आता कानाची पाळी धरा. कशी लागते? दाबली की दबते, आणि खाली काही अडत नाही. मादी कच्ची असली की पोट नाकासारखं. झाली की कानासारखं. एवढंच आहे सगळं. एकतीस वर्षं मी एवढंच करत आलोय.”

ड्रायव्हरनं काठावर उभ्या उभ्या स्वतःचं नाक चाचपून पाहिलं, मग कान. कोणी हसलं नाही.

वहिनींनी हात पाण्यात धुतला, देवाचं नाव घेतलं आणि अंगठा टेकवला. “नाक,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“नक्की. चांगलं ताठ नाक आहे.”

“मग सोडा तिला. अजून थांबायचं.”

थांबायचं म्हणजे काय ते पुढच्या दोन तासांत कळलं. साडेतीन वाजले. हाप्याच्या काठीला पाणी जिथं टेकलं होतं, तिथं ड्रायव्हरनं दोरा बांधून ठेवला. चार वाजता दोऱ्याच्या खाली बोटभर ओली काठी दिसायला लागली. सव्वाचारला चार बोटं. बुडालेलं गवत एकेक पात्यानं डोकं वर काढू लागलं. पाण्याचा आवाज बसत चालला.

“वहिनी, बघा.”

“नाक.”

“साडेचार झाले, काका,” मॅडम म्हणाल्या. “धार जातेय. थोडं दाबून बघायचं का?”

“नाही.”

“मेली तर तशीही मरणारच आहे!”

“मरेल तर मरेल, मॅडम. पण दाबून नाही.” काकांचा आवाज चढला. मग लगेच खाली आला. “हापा आत सरकवू. मधे अजून धार आहे.”

चौघांनी मिळून काठ्या उपटल्या. हापा मादीसकट पाण्यात तोलून धरला आणि पावलापावलानं आत नेला. ड्रायव्हरला पोहता येत नव्हतं. तो “माझी आई, माझी आई” करत एक काठी धरून चालत होता. काकांच्या हातातली काठी दोनदा निसटली. पकड सैल झाली, हे त्यांना काठी वाहायला लागल्यावरच समजायचं. दुसऱ्यांदा मॅडमनी ती न बोलता पकडली आणि आपल्याकडे घेतली.

पाच वाजायला आले.

“वहिनी.”

वहिनींनी अंगठा ठेवला. इथं-तिथं टेकवून पाहिला. “भाऊजी, मधेच कुठंतरी आहे हो. वर कान आहे आणि खाली नाक लागतंय.”

“सोडा. दहा मिनिटं.”

ती दहा मिनिटं कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही, एकट्या मॅडम सोडल्या तर. पाणी आता वहिनींच्या गुडघ्याखाली आलं होतं. मासा हलला की तळचा गाळ उठत होता आणि पाणी चहासारखं होत होतं.

“वहिनी, बघा आता.”

अंगठा टेकला आणि वहिनींचा चेहराच बदलला. “कान,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, कान! सगळीकडून कान!”

“भांडं!” काका ओरडले. “पोट पुसा. ड्रायव्हर, नर आण तू, धर घट्ट. वहिनी, आता डोकं माझ्याकडे द्या. फडकं टाका तिच्या डोळ्यांवर, मला कळत नाही नीट बसलंय की नाही ते. बसलं? आता अंगठा पुढून मागे. कानाची पाळी दुखणार नाही एवढाच जोर. त्याहून तसूभर जास्त नाही.”

वहिनींनी अंगठा फिरवला. अंडी आली. गठ्ठा नाही, रक्त नाही. मोहरीच्या दाण्याएवढी, पिवळी, सुटी सुटी, भांड्यात घरंगळत उतरली आणि उतरतच राहिली. वहिनी रडत होत्या आणि हात चालू होता. मॅडमनी नराचं पांढरं पाणी त्यावर पिळलं, पिसानं हलक्या हातानं ढवळलं आणि नदीचं ओंजळभर पाणी घातलं. अंडी फुगायला लागली.

“झालं,” मॅडम म्हणाल्या. “काका, झालं!” आणि मघाचा राग आठवून की काय, पुढचं बोलणं त्यांनी गिळलं. भांडं छातीशी धरून त्या काठाकडे निघाल्या. ड्रायव्हर पुढे धावला जीप चालू करायला. “वहिनी, तुम्ही माझ्याबरोबर पुढे बसा. ट्रेमध्ये पसरताना तुमचा हात लागेल. आणि उद्यापासून हौद धुवायला दुसरं कोणीतरी बघते मी.”

वहिनींनी काकांकडे पाहिलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं.

“जा तुम्ही,” काका म्हणाले. “हिला सोडून आलोच.”

रिकामी झालेली मादी थकलेली असते. तशीच सोडली तर उलटी पडून वाहत जाते. तिला दोन हातांवर तोलून, तोंड धारेकडे करून धरायचं असतं. तिच्या अंगात दम आला की ती स्वतःच शेपटी झटकून जाते, आणि तो झटका हातावर बसला की समजायचं. काका उरल्यासुरल्या धारेत गेले आणि कमरेत वाकले. ऊन उतरलं होतं. गाळानं पाणी एवढं गढूळ झालं होतं, की कोपराच्या खालचे स्वतःचे हातही त्यांना दिसत नव्हते.

“घे बाई, घे दम,” ते तिला म्हणत होते. “तुझ्या बहिणीचं पाप माझ्या माथ्यावर आहे. तू तेवढी नीट जा. घाई नाही. मला कुठं जायचंय आता?”

काठावर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. वहिनी जीपमधून उतरून पुन्हा पाण्यापर्यंत आल्या.

“भाऊजी, चला. मॅडम थांबल्यात.”

“थांबा जरा. अजून दम धरला नाही तिनं.”

“कोणी?”

“हिनं. धरून उभाय ना मी तिला.”

वहिनी पाण्यात दोन पावलं पुढे आल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “भाऊजी, ती मघाशीच गेली हो. त्या तिथं मधल्या धारेत पाठ दिसली मला तिची. चांगली जोरात गेली.”

“गेली?”

“केव्हाच गेली.”

काकांनी हात पाण्याबाहेर काढले. ते रिकामे होते, आणि अजून तिच्याच आकारात वाकलेले होते.